दिलेलं सोंग

आमच्या दिग्रसच्या गल्लीतला शिंपी तोंडात टाचण्या धरूनच बोलतो. बोलणं कितीही लांबो, एक टाचणी पडत नाही. ही सवय दंडारीची, म्हणजे त्याच्या गावच्या नाटकाची. तिथं सोंगाचा आवाज ओठांतून नाही, पोटातून यावा लागतो म्हणे.

त्या दंडारीत राजाचं सोंग त्याच्या घराण्याचं. कागदावर काहीच नाही. बाप बोलतो, मुलगा ऐकतो, आणि एकदा सोंग मुलाला दिलं की बापानं ते पुन्हा बोलायचं नाही. यानं शिलाई मशीन चालवता चालवताच मुलाला राजा शिकवला, पायडलच्या तालावर. मुलगा चुकला की याचा पाय थांबायचा.

यंदा पोळ्याआधी तो तरणाताठा मुलगा काविळीनं गेला.

दंडारीतले लोक दुकानात आले. "आता तूच उभा राह्य. दुसऱ्या कोनाले येतच नाही."

"देल्लं सोंग वापस घेतेत काय?" हा म्हणाला. त्या दिवशी तोंडात टाचण्या नव्हत्या. असला कसला नियम, असं मला वाटलं.

दंडार झालीच. राजाची पाळी आली तेव्हा त्याची जागा मोकळी ठेवून सगळे गप्प उभे राहिले. हा माझ्या शेजारी बसला होता, आणि त्याचा पाय जमिनीवर पायडल मारत होता. जरा वेळानं ढोलकीवाल्यानं थाप मारून पुढचं सुरू केलं.

हा ताडकन उठला. "थांब ना बे! त्याचं बोलनं झालं कुठी अजून?"