भोपळ्याची खुडलेली फुलं

श्रावणात उजाडताना आमच्या मेढा गावच्या घराच्या परसात, मांडवावर चढलेल्या तांबड्या भोपळ्याच्या वेलावर ओंजळीएवढी पिवळी फुलं उघडत... वाकून वास घेतला की नाकाला पिवळी पूड लागायची, आणि इंदूकाकू ती पदरानं पुसत म्हणायची, "लय राखणदार झालास रं वेलाचा." काकूचं माहेर माधवनगरचं, तिचे वडील तिथल्या गिरणीत. काका फौजेत, घरात आई, काकू आणि मी. लग्नाला सहा वर्षं होऊनही काकूला मूल नव्हतं. माहेराहून आणलेल्या बीचा तो वेल – त्याच्याशी ती बोलत बसायची.

काही फुलांच्या बुडाशी गोटीएवढा हिरवा भोपळा असे; बाकीची लांब देठावर नुसतीच. आई त्यांना वांझ फुलं म्हणायची. दहा-अकरा वर्षांच्या मला वाटलं, ही वेलाचा रस फुकट खातात. काकूच्या वेलाला भरपूर भोपळे लागावेत म्हणून रोज, सगळ्यांच्या आधी उठून, मी ती एकूण एक खुडून शेळीला घालू लागलो.

कोवळे भोपळे पिवळे पडून गळाले. एकही टिकला नाही.

"विटाळाचं चार दिस वेलाकडं फिरकू नगंस, सांगितलं हुतं का न्हाई?" आई काकूला म्हणाली.

"आवं आक्का, मी न्हाई गेले."

"मग आपोआप गळालं व्हय?" आणि पुढं आईनं त्या फुलांचाच शब्द तिला लावला. काकू भाकरी थापत राहिली.

आठवड्याभरानं गुरुजींनी वर्गात भोपळ्याची दोन फुलं ब्लेडनं उभी चिरली. भोपळा, काकडी, दोडका, कारलं – सगळी एकाच कुळातली. एकाच वेलावर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. नराचे पराग मधमाशीनं मादी फुलापर्यंत नेले नाहीत, तर फळ धरत नाही, कोवळंच गळून जातं. लांब देठाची, मी शेळीला घातलेली, ती नर फुलं.

"आज काय शिकवलं रं?" घरी काकूनं विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणालो.

काकू जाऊन आता बारा वर्षं झाली. आमच्या घरात अजूनही लेकीसुनांना त्या चार दिवसांत वेलाजवळ जाऊ देत नाहीत. का, असं विचारलं की इंदूकाकूची गोष्ट सांगतात. मी तिथंच बसून ती कितीदा तरी ऐकली आहे. परवा माझ्या नातीनं पहिल्यांदाच ती ऐकली आणि वेलाकडं नेलेला हात मागं घेतला... तेव्हा मात्र तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. काकू वेलाकडं गेलीच नव्हती; फुलं मी खुडली होती.

"मग इंदूकाकूंना कवा सांगितलं, आबा?"

"न्हाई सांगितलं, बाळा."