राजहंसाच्या पाटीखालची चौकशी

पनवेलच्या बंदराजवळ भाताची वखार असलेले एक व्यापारी माझ्या वडिलांचे मित्र होते. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. साठचे दशक नुकते सुरू झाले होते. वर्तमानपत्राने मला काही महिन्यांसाठी लंडनला पाठवायचे ठरवले, तेव्हा अभिनंदन करायला बरेच लोक घरी येऊन गेले. चाचा आले नाहीत. त्यांनी मला वखारीत बोलावून घेतले.

त्यांच्या मुलीचे लग्न उरणच्या एका मुलाशी ठरत आले होते. मुलगा बोटीच्या इंजिनखोलीत कामाला लागला, लंडनला उतरला आणि तिथल्या एका कारखान्यात राहिला. दोन्ही घरांचे जुने येणेजाणे होते. मुलीचा होकार होता. पण लंडनहून परतलेल्या एका खलाशाने उरणात सांगितले होते की, हा कारखान्याजवळच्या एका मोठ्या दारूखान्यात बसतो. जागेची खूणही त्याने दिली होती : कोपऱ्यावरची इमारत, दारावर राजहंसाची पाटी. आपल्याकडे तेव्हा दारूबंदी होती. दारूखाना म्हटला की पनवेलच्या माणसाच्या डोळ्यांसमोर खाडीकाठच्या झाडीतली हातभट्टी येई. तिथे बसणाऱ्याला मुलगी देणे चाचांना शक्य नव्हते.

“खलाशाचं काय खरं मानायचं?” चाचा म्हणाले. “तू छापखान्यातला माणूस. बघशील तेवढंच सांगशील. आणि ऐक, चौकशीला जाणाऱ्यानं त्या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचं नाय. घेतलंस तर तुझी जबानी फुकट.”

“पाणीसुद्धा नाही?”

“मी एकदा भर मे महिन्यात चौकशीला गेलो व्हतो. त्यांनी शहाळी फोडून पुढं ठेवली. बघत बसलो, पण हात लावला नाय. परत येताना जासईच्या विहिरीवर बैलांबरोबर प्यायलो.” ते हसले. लगेच हसू आवरून म्हणाले, “तू नाय म्हणालास तर लग्न मोडलं. होय म्हणालास तर झालं. मधलं काय सांगू नको.”

लंडनमध्ये ती जागा सापडायला त्रास झाला नाही. कारखाना सुटायच्या वेळी मी तिथे पोहोचलो. इमारतीला रस्त्याकडून वेगवेगळे दरवाजे होते. समोर दिसला त्यातून मी आत शिरलो आणि थबकलो. खाडीकाठची झाडी डोक्यात धरून आलो होतो, आणि पाहात होतो एखाद्या संस्थानिकाचा दिवाणखाना. भिंतींना हिरव्या आणि तपकिरी चकचकीत फरश्या, त्यांवर शिकारीची चित्रे. आरशांच्या काचेत कोरलेली पाने आणि पक्षी. नक्षीचे छत तंबाखूच्या धुराने गुळाच्या रंगाचे झाले होते. मधोमध दारू वाढायचा, घोड्याच्या नालाच्या आकाराचा, महोगनी लाकडाचा लांब ओटा होता, त्याच्या पायथ्याशी पितळेची दांडी. ही सजावट मागच्या शतकातल्या राणीच्या काळातली आणि जागा त्याहून जुनी, असे ओट्यामागच्या बाईने मला न विचारता सांगितले.

ओट्याचे लाकडी पडद्यांनी भाग पाडले होते. माझ्या भागात ओट्यावर, डोक्याच्या उंचीला, कोरीव काचेची छोटी छोटी तावदाने एका ओळीत बसवलेली होती. ती खुंटीवर फिरत. बंद केली की पिणारा कोण हे पलीकडून दिसत नसे. मी ओट्याशी उंच स्टुलावर बसलो आणि एक तावदान किंचित फिरवले. पलीकडे, साध्या बाकांच्या खोलीत, कामाच्या कपड्यांतल्या गोऱ्या मजुरांमध्ये तो उभा होता. चाचांनी मला त्याचा फोटो दाखवला होता. त्याच्या हातात ग्लास होता. ग्लासातले पेय काळपट होते आणि वर फेस होता.

पाहायचे ते पाहून झाले होते. मी उठलो असतो तर काम संपले असते. पण ग्लासात काय आहे, हे मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसलेले लिहायचे नाही, असे मला शिकवलेले होते. मी बसून राहिलो. तेवढ्यात त्याने मान वळवली. उघड्या तावदानात त्याला आपल्याकडचा चेहरा दिसला. तो ग्लास घेऊनच बाहेरून फिरून माझ्या दाराने आत आला. ओट्यामागच्या बाईने त्याच्या कपड्यांकडे पाहिले. तो भाग साहेबांचा होता.

“मुंबईचे?” त्याने हिंदीत विचारले.

“पनवेल.”

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. “मग आमच्या घरचेच झाले की तुमी! काय घेणार?” तो मराठीवर आला होता. “इथं पाळी असते. एक जण सगळ्यांना पाजतो, मग दुसरा. आज माझी पाळी हाय. तुमाला सोडलं तर ते लोक माझं तोंड बघणार नाय.”

पलीकडून मजूर तावदानातून वाकून बघत होते. एकाने ग्लास उंचावला.

“मी घेत नाही,” मी म्हणालो.

“दारू नका घेऊ. लिंबू सोडा?”

“नको.”

“कॉफी? जवळच मिळते.”

“नको.”

तो गोंधळला. त्याने बाईकडून साध्या पाण्याचा ग्लास मागून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला. मी त्याला हात लावला नाही. तो त्या पाण्याकडे पाहात राहिला आणि मग माझ्याकडे.

“पाणीपण नाय,” तो हळू म्हणाला. “म्हंजे तुमी चौकशीला आलाय.”

मी होय म्हणालो. नाकारण्यात अर्थ नव्हता.

त्याने स्वतःचा ग्लास मध्ये सरकवला. “ही बिअर हाय. वास घ्या, वास घेतल्यानं जबानी बिघडत नाय. आठवड्याला एक. पगाराच्या दिवशी फोरमन इथं बसतो. जो इथं नसतो त्याचं नाव सोमवारी जादा कामाला नसतं. पयल्यांदा नाइलाजानं घेतली. आता नाइलाजानं घेतो असं सांगणार नाय. आवडते.”

“हे सगळं सांगावं लागेल मला.”

“सांगा. फक्त मोठ्यानं सांगा. तिच्या घरी पडद्याआड ऐकू जायला हवं.”

उरलेली बिअर त्याने माझ्यासमोर संपवली आणि तो आपल्या दाराने परत गेला.

पनवेलला परतल्यावर मी चाचांच्या घरी गेलो. आतल्या दाराला पडदा होता. तो हलला नाही, पण त्यामागे कुणी उभे असल्याचे जमिनीवरच्या सावलीवरून कळत होते.

“पाणी घेतलंस?” चाचांनी विचारले.

“नाही.”

“मग बोल.”

मी मोठ्याने बोललो. जागा, ग्लास, बिअर, फोरमन, आवडते हा शब्द. चाचा ऐकत होते. मग त्यांनी मला न सुचलेला प्रश्न विचारला.

“वार कोणता?”

तिकडे पगार ज्या दिवशी होतो तो दिवस मला सांगावा लागला. “शुक्रवार.”

चाचा उठून उभे राहिले. “जुम्म्याला!”

पडद्याआडून आवाज आला. “अब्बा, विचारा त्यांना, ग्लास लपवला का?”

“नाही,” मी म्हणालो. “उलट मी न विचारता त्यानंच सगळं सांगितलं.”

“मग आमचे मामू दर जुम्म्याला खाडीपलीकडं हवा खायला जातात, ती कसली हवा ते मला ठाऊक हाय. त्यांना कुणी मुलगी द्यायचं थांबलं नाय.”

“गप!” चाचा ओरडले. पण त्यांना हसू आवरता आले नाही, आणि त्याचा त्यांना राग आला. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. “उरणला निरोप धाडतो,” शेवटी ते म्हणाले. “बिअर सोडायला सांगतो त्याला.”

“ते मी सांगेन,” पडदा म्हणाला.

“कधी?”

“निकाह झाल्यावर.”

चाचा परत खाली बसले. “याला पाणी द्या,” ते आतल्या बाजूला म्हणाले.

पाणी पडद्याखालून आले. मी ते सगळे प्यायलो.