पडायला आलेला माणूस

लातूरला ट्रेकिंगचं सामान मिळतं त्या दुकानात मी लेकीसाठी सॅक घ्यायला गेले होते. दुकानाच्या मागच्या भागात चढाईच्या सरावासाठी एक उंच भिंत केली आहे. तिथं चाळिशीचा एक माणूस कमरेला दोर बांधून चढत होता. चढायचा झपाझप, पण वर पोचला की भिंतीला कवटाळून तसाच राहायचा. खाली दोर धरलेल्या शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "दादा, हात सोडा. दोर माझ्याकडं आहे." तो मान हलवायचा आणि एकेक पाय टेकत उतरायचा. उतरला की तळहात पँटला पुसायचा.

पाणी प्यायला तो माझ्या शेजारी बसला. मी म्हणाले, "छान चढता की."

"चढायचं काय न्हाई, ताई. लाइनमन हाय मी, बिलोलीकडं. मागं खांबावरून पडलो. हाडं जुळली, पण झोपेत अजून पडतोच. सोमवारपासून पुन्हा खांबावर जायचं हाय. म्हणून इथं पडायला आलो. पडल्यावर कुणीतरी धरतंय, हे एकदा अंगाला कळू द्यावं म्हटलं."

तो पुन्हा वर गेला. बराच वेळ त्यानं भिंत सोडली नाही. मग डोळे मिटले आणि हात सोडले. दोर ताणला आणि तो हवेत लोंबकळत राहिला. त्याचे खांदे सैल झालेले मला खालून दिसले.

खाली आल्याबरोबर त्यानं बायकोला फोन लावला.

"हाव, पडलो," तो म्हणाला. "लई चांगला पडलो."