उन्हात न ठेवलेली चकती

मी देव मानतो. त्रिकाल नाही, पण दोन वेळची संध्या आजही चुकत नाही. परंतु भुतेखेते, दृष्टान्त, अंगात येणे वगैरे गोष्टींपासून मी आयुष्यभर दूर राहिलो. सांगलीच्या पाठशाळेत छत्तीस वर्षे संस्कृत शिकवताना कोणी असला विषय काढलाच, तर मी हसून पुढचा पाठ सुरू करीत असे. मासिकाच्या या सदरात वाचकांनी लिहिलेले असले अनुभव मी नियमाने वाचतो. खरे सांगायचे तर पुष्कळदा शंकेनेच वाचतो. म्हणून माझा अनुभव वाचताना आपणही शंका घ्यावी. मला राग येणार नाही.

सहा वर्षांपूर्वी पत्नी गेली आणि मी दुबईत मुलाकडे, अल बर्शाला, राहायला आलो. मुलगा श्रीनिवास आणि सून मृणाल दोघेही नोकरीला, नात इरा शाळेत. दिवसभर घरात मी एकटा. त्या एकटेपणात मला मित्र मिळाला तो आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारा डॉमनिक. मूळचा वसईचा, वय साठीला टेकलेले. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका गोदामात तो जुन्या मोटारी दुरुस्त करीत असे. त्याचा अरब मालक शंभर-शंभर वर्षांच्या मोटारी विकत घेई आणि डॉमनिक त्यांना पुन्हा चालत्या करी. संध्याकाळी तो आणि त्याची बायको फिलोमीना खाली बाकावर येऊन बसत, आणि मग आमच्या गप्पा रंगत. त्याचे मराठी ऐकले की मला गावी गेल्यासारखे वाटे.

गेल्या हिवाळ्यात एका उघड्या टपाच्या, अगदी सुरुवातीच्या काळातल्या मोटारीवर तो काम करीत होता. एके दिवशी कागदात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन तो घरी आला. तळहाताएवढी जाड काचेची चकती, भोवती पितळी कडे आणि टांगायला आकडा.

"गुरुजी, ओळखा बघू काय आहे?"

"आरसा म्हणावा, तर चेहरा दिसत नाही."

"रेडियम! आपण सायकलच्या मडगार्डाला पट्टी लावायचो ना, तिचा आजोबा समजा. त्या काळी गाडीला मागे घासलेटचा दिवा असायचा. वाऱ्यात विझला, की मागून येणाऱ्याला गाडी दिसणार कशी? मग ही चकती टांगायची. वायर नाही, बॅटरी नाही. दिवसा ऊन प्यायची, अंधारात उजेड द्यायची."

"आणि विषारी नाही ना रे? रेडियम म्हणतोस म्हणून विचारतो."

"जुनी होती विषारी. मी ती काढून टाकली, नवी पूड भरली. घाबरू नका, तुमच्या देवाजवळ ठेवली तरी चालेल."

त्याचे हे शेवटचे वाक्य थट्टेतले होते. मी ते खरे धरले, आणि पुढचे सगळे तिथूनच सुरू झाले.

चकत्या दोन होत्या. बारा दिवसांनी ती मोटार हमरियाहून रास अल खैमाला एका प्रदर्शनासाठी जायची होती. ट्रकवर चढवून नव्हे, स्वतःच्या चाकांवर, आणि दिवे सगळे जुन्याच पद्धतीचे. असा मालकाचा हट्ट होता. निघण्यापूर्वी वाहनपूजा मी करावी, अशी डॉमनिकची इच्छा. गोदामात ऊन येत नाही, म्हणून एक चकती तो रोज गोदामाबाहेर ठेवणार होता आणि दुसरी माझ्याकडे, कारण आमच्या बाल्कनीत दुपारपासून भरपूर ऊन. "रोज चार तास द्या गुरुजी. जितकं ऊन, तितका दम."

पूजेच्या गाडीचा दिवा म्हणून मी त्या रात्रीपुरती ती चकती देव्हाऱ्यात ठेवली. हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या, लाल वस्त्रात गुंडाळली आणि देव्हाऱ्याची दारे लावली. सकाळी बाल्कनीत ठेवणार होतो.

सकाळी कोल्हापूरहून फोन आला. माझे चुलत बंधू वारले होते. दहा दिवसांचे सुतक. घरातल्या कोणीच देव्हाऱ्याला हात लावायचा नाही. चकती आत.

इराने तिसऱ्याच दिवशी आठवण केली. "आजोबा, अंकल सेड कीप इट इन द सन."

"सुतक आहे बाळ."

"बट द सन डझंट हॅव सुतक, आजोबा!"

मृणालने तिला दटावले.

आमच्याकडे सुतक होते, डॉमनिककडे नव्हते. देव्हाऱ्याची दारे उघडून चकती बाहेर काढायला त्याला बोलावणे, हा सरळ उपाय होता. तो मला सुचला नाही असे नाही. पहिल्याच दिवशी सुचला. पण डॉमनिकने माझ्या देव्हाऱ्यात हात घालायचा, या कल्पनेला मन तयार होईना. ज्याच्या घरचा नाताळचा केक मी दर वर्षी आनंदाने खात होतो, त्याच्या हाताविषयी माझ्या मनात हे होते. आणि हे त्याला सांगायचे कसे? म्हणून बाकावर त्याने विचारले, "ऊन देताय ना गुरुजी?" तेव्हा मी म्हणालो, "हो, देतो आहे." एकदा नव्हे. दहा दिवसांत तीन-चार वेळा.

अकराव्या दिवशी शुद्धी झाली. घर धुऊन-पुसून सगळे आटोपेपर्यंत आणि देव्हारा उघडेपर्यंत सूर्य मावळला होता. खोलीतला दिवा मालवून वस्त्र सोडले, तर काच काळीठिक्कर. ट्यूबलाइटखाली तासभर धरली असती तरी थोडे काम झाले असते, असे श्रीनिवासने पुढे सांगितले. तेव्हा मला ते ठाऊक नव्हते, आणि विचारायचे तर सगळेच सांगावे लागले असते. मी वस्त्र पुन्हा गुंडाळले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला डॉमनिक मला न्यायला आला. "गुरुजी, घात झाला. माझी चकती काल बसवताना हातातून निसटली, फुटली. आता तुमच्याकडच्या चकतीवरच भिस्त. ऊन नीट दिलंय ना?"

"दिले आहे," मी म्हणालो आणि वस्त्रात गुंडाळलेली चकती पूजेच्या पिशवीत ठेवली.

हमरियाच्या गोदामात मी पूजा केली. बॉनेटवर स्वस्तिक काढले, चाकाखाली लिंबू ठेवला, नारळ वाढवला. डॉमनिकने बाजूला उभे राहून क्रूसाची खूण केली. मग हँडल मारून त्याने मोटार सुरू केली आणि मला शेजारी बसवले. मालकाची माणसे दुसऱ्या गाडीतून पुढे होती. निघालो तेव्हा आकाश स्वच्छ होते.

उम्म अल क्वैन मागे पडल्यावर धुके उतरले. येथील हिवाळ्यातले धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको... हात लांब केला तर बोटे दिसत नाहीत. पुढची गाडी दिसेनाशी झाली. थोड्याच वेळात आमचे इंजिन दोन आचके देऊन बंद पडले. मागचा घासलेटचा दिवाही ओलीने विझला होता. दोन काड्या ओढल्या, पेटेना. डॉमनिकने माझ्या पिशवीतून चकती घेतली, घाईत वस्त्र सोडले आणि काचेकडे न बघताच ती मागच्या बाजूला टांगली.

"गुरुजी, तुम्ही उतरा. कडेला, त्या कठड्यापलीकडे उभे राहा. मी दोन मिनिटांत बघतो."

"आपण ढकलू या का?"

"ही काय रिक्षा आहे गुरुजी? आणि कडेला सगळी मऊ वाळू. रुतली, की खलास. तुम्ही उभे राहा."

तो बॉनेट उघडून आत वाकला. मी कठड्यापलीकडे, मोटारीच्या मागच्या अंगाला, सात-आठ पावलांवर उभा राहिलो. धुके तिथे जरा विरळ होते. मोटारीचा आकार मला दिसत होता, चकती जिथे टांगली ती जागाही. तिथे काहीही उजळले नव्हते. मी डोळे ताणून पाहत होतो, कारण त्या काचेविषयीचे सत्य त्या रस्त्यावर मला एकट्यालाच माहीत होते. 'डॉमनिक, बाजूला हो, ती काच आंधळी आहे' एवढेच म्हणायचे होते. ओठांपर्यंत आले... आणि मी म्हणालो नाही. अजून दोन मिनिटे, एवढ्यात इंजिन सुरू होईल, मग कशाला सांगायचे — असा हिशेब मी त्या क्षणी केला.

मग मागून जड गाडीचा आवाज आला. तेव्हा मात्र मी ओरडलो. पण तो आवाज त्या घरघराटात बुडून गेला.

ब्रेक करकचून लागले. पाण्याचा एक टँकर आमच्या मोटारीपासून सहा-सात हातांवर येऊन थांबला. चालक खाली उतरला, पेशावरकडचा, माझ्या मुलाच्या वयाचा.

"चाचा, वो बत्ती ना होती तो आज सब खतम था!"

"कौनसी बत्ती?" मी विचारले.

"पीली वाली। बहुत दूर से दिख रही थी। मैं समझा किसी दरगाह का चिराग है। सोचा, रोड के बीच में दरगाह कहाँ से आई, तो ब्रेक मारा।"

मी तिथेच उभा होतो. माझी नजर त्या चकतीवरून हटली नव्हती. मला कोणताही उजेड दिसला नाही. शिवाय डॉमनिकने भरलेली पूड हिरवा उजेड देणारी होती, पिवळा नव्हे. ते त्यानेच मला आधी सांगितले होते.

डॉमनिक मागे गेला, थोड्या वेळाने परत आला आणि चालकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हमारे गुरुजी ने दस दिन धूप दिया है उसको। इनकी मेहरबानी है।" मी मान खाली घातली. त्याला तो विनय वाटला असावा, अशी मी माझी समजूत करून घेतली. धुके विरल्यावर इंजिन सुरू झाले. प्रदर्शनात मालकाने माझा हात दोन्ही हातांत धरून "माशाल्ला, माशाल्ला" म्हटले आणि खजुरांची पेटी दिली. ती मी घेतली.

श्रीनिवासचे म्हणणे असे, की टँकरचाच प्रकाश पितळी कड्यावर चमकला असेल. मी ते नाकारीत नाही. पण चालक ठामपणे 'बहुत दूर से' म्हणत होता, आणि तसल्या धुक्यात त्याचा प्रकाश पाच-दहा पावलांपलीकडे पोचत नव्हता. जर तो चमकला, तर मला शेजारी उभे राहून कसा दिसला नाही?

तीन महिन्यांनी डॉमनिक नोकरी सोडून कायमचा वसईला गेला. मी त्याला निरोप द्यायला विमानतळावर गेलो होतो. सामान आत गेल्यावर त्याने विचारले, "गुरुजी, काही बोलायचं राहिलंय का?"

"नाही बाबा. सुखरूप जा."

"बघा हं. फोन करा मग."

मी केला नाही. आज करू, उद्या करू. दर वेळी वाटे, एवढ्या मोठ्या कृपेच्या प्रसंगाला माझ्या लहानशा खोटेपणाचा डाग कशाला लावायचा? अशा सुंदर शब्दांत मी स्वतःला फसवीत राहिलो.

गेल्या महिन्यात फिलोमीनाचा फोन आला. डॉमनिक झोपेतच गेला होता. मी सांत्वनाचे शब्द बोलू लागलो आणि मध्येच थांबलो. मग सगळे सांगितले. सुतक, बंद देव्हारा, त्याच्या हाताविषयी मनात आलेले, ते तीन-चार वेळचे 'हो'.

"त्यांना माहीत होतं, गुरुजी."

"काय?"

"त्याच दिवशी कळलं त्यांना. टँकरवाला तुमच्याशी बोलत होता तेव्हा त्यांनी मागे जाऊन, टँकरचा उजेड अडवायला काचेवर दोन हातांची ओंजळ धरून आत बघितलं. म्हणाले, दहा मिनिटं ऊन खाल्लेली असती तरी कळलं असतं मला. ठार काळी होती."

"मग त्याने सगळ्यांसमोर माझे नाव का घेतले?"

"तुम्ही मान खाली घातली होती म्हणून. म्हणाले, आता नको, गुरुजी आपणहून सांगतील. उजेड कुठून आला, ते कधी विचारत नसत. संध्याकाळी फोन वाजला की मात्र विचारायचे, गुरुजींचा का?"

तो उजेड काय होता, कोणी लावला, आणि मलाच का दिसला नाही, हे मला आजही कळलेले नाही. कळावे अशी प्रार्थना करणेही मी सोडले आहे. एखाद्या वाचकाजवळ उत्तर असेल तर त्याने ते जरूर कळवावे, मी आदराने वाचेन. मात्र एक गोष्ट मला लिहून ठेवली पाहिजे. आपणा सर्व अनोळखी लोकांना हे सांगायला मला एक दुपार पुरली. डॉमनिकला सांगायचे तर फक्त एक जिना उतरायचा होता, आणि तीन महिने तो खालीच राहत होता.