म्हाताऱ्याचा हार

आमच्या ऑफिसात डिलाईल रोडचा एक जण आहे. काही दवाखान्यांत आमचं सॉफ्टवेअर अजून जुनाट विंडोजवर चालतं, म्हणून तपासणीसाठी आम्हीही तसाच एक कॉम्प्युटर ठेवलाय. तो सांभाळायचं काम याचं. सॉफ्टवेअरच्या टेस्ट आपोआप चालतात, पण मध्येच स्क्रीन झोपली की अडतात. सेटिंग बदलून झाली, काही उपयोग नाही. मग हा माउस हलवत मालवणीत म्हणतो, "ऊठ रे म्हाताऱ्या, उजाडला."

दसऱ्याच्या पूजेच्या दिवशी साहेबांनी बजावलं, "आज टेस्ट अडल्या तर हा डबा भंगारात." आम्ही आपापल्या लॅपटॉपला एकेक फूल वाहिलं. यानं म्हाताऱ्याच्या माउसच्या वायरला झेंडूचा अख्खा हार अडकवला आणि शांतपणे जेवायला गेला.

आम्हीही जेवून परत आलो तर सगळ्या टेस्ट पास. टेबलाच्या कडेवरून लोंबणारा हार पंख्याच्या वाऱ्यानं डोलत होता आणि माउसला हळूच ओढत होता. म्हाताऱ्याचा डोळाच लागला नव्हता.

हार सुकला, तसा हा दादरच्या फूलबाजारातून ताजा घेऊन आला.

"आज कसली पूजा रे?" साहेबांनी विचारलं.

"पूजा नाय सर," वायरला हार अडकवत तो म्हणाला, "मेंटेनन्स."