पडद्यावरचा लेलंड

लेलंड कोसिक गेला, तरी त्याला फोन येत राहिले. दुपारी जेवणाच्या सुमारास फोन वाजायचा आणि एक तरतरीत आवाज विचारायचा, "लेलंडसाहेब आहेत का? त्यांच्या मार्गदर्शनाचा पुढचा टप्पा सुरू होतोय."

"माझे मिस्टर वारले," व्हर्ना सांगायची.

"अरेरे, फार वाईट झालं हो." मग जेमतेम श्वास घेण्याइतकी शांतता. "त्यांच्या जागी तुम्ही बसलात तर?"

अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात टायरच्या कारखान्यात लेलंडची उभी हयात गेली होती. कारखान्याने माणसं कमी केली आणि तो घरी बसला. एक दिवस हॉटेलातल्या फुकट जेवणाचं आमंत्रण आलं. पडकी घरं घ्या, डागडुजी करा, विका, असं तिथे शिकवणार होते. जेवणानंतर तीन दिवसांचा वर्ग निघाला, त्याचे पैसे वेगळे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अभ्यास दिला : क्रेडिट कार्डवाल्यांना फोन करा आणि मर्यादा वाढवून घ्या, आत्मविश्वास वाढतो. तिसऱ्या दिवशी खरा महागडा अभ्यासक्रम पुढे आला, तेव्हा कोणाच्या खिशात किती आहे हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. तो घ्यावा का, हे विचारायला लेलंडने घरी फोन केला होता. व्हर्ना म्हणाली, "तुला हवं ते कर." तेव्हा ती भांडी घासत होती.

पैसे भरून तो हिवाळाभर गाडी घेऊन पडकी घरं बघत हिंडला. कुठलंच जमलं नाही. शिकवणारे बदलत गेले, प्रत्येकजण म्हणायचा की तुमचीच जिद्द कमी पडते. लेलंड बोलेनासा झाला. आणि वसंतात एका सकाळी गॅरेजमध्ये तो खाली बसला, तो उठलाच नाही.

पुढच्या वर्षी तीच मंडळी शहरात पुन्हा आली. हमरस्त्यालगतच्या हॉटेलात व्हर्ना स्वतः जाऊन बसली. नवरा कशाला भुलला, एवढंच तिला बघायचं होतं.

हॉलमध्ये गारठा होता आणि कानठळ्या बसवणारं संगीत. शेजारी डेनीस नावाची वृद्धाश्रमातली नर्स बसली होती, रात्रपाळी करून थेट आलेली. व्यासपीठावर ब्रेंट नावाचा देखणा वक्ता. "मित्रांनो, आज घरी जाऊन बायकोला विचारतो, नवऱ्याला विचारतो, असं म्हणणारे किती? हात वर करा. बघा, गरीब राहायचं तरी ह्यांना परवानगी लागते!" हॉल खदखदून हसला.

दिवे मंद झाले आणि पडद्यावर लेलंड आला.

अंगात निळा चौकड्यांचा शर्ट होता, तिनेच इस्त्री केलेला. "मी लेलंड कोसिक. आजवर दुसऱ्याच्या कारखान्यात राबलो. आता पहिल्यांदाच मी माझा मालक आहे!" असं म्हणून तो हसला. तसं हसणं व्हर्नाने लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ऐकलं होतं, नंतर नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्याही हातांनी वाजवल्या, तिला नंतर कळलं.

मग शर्ट लक्षात आला. वर्गाच्या शेवटच्या दिवशीचा तो शर्ट. तेव्हा त्याने काहीच कमावलं नव्हतं. नुसते पैसे भरले होते, आणि त्या आनंदात त्याला कॅमेऱ्यासमोर उभा केला होता.

ती उठून उभी राहिली. "तो माझा नवरा आहे."

"मित्रांनो, लेलंडच्या पत्नी!" ब्रेंट ओरडला. पुन्हा टाळ्या.

"तो गेला. त्याने एकही घर घेतलं नाही."

ब्रेंटने छातीवर हात ठेवला. त्याचा आवाज मऊ झाला. "ऐकलंत? आयुष्य थांबत नाही. लेलंडने स्वप्न पाहिलं, पण उशिरा पाहिलं. तुम्हीही उशीर करणार का? मागच्या टेबलांवर पहिल्या दहा जणांसाठी सवलत आहे."

खुर्च्या सरकल्या. लोक चक्क टेबलांकडे पळाले.

डेनीस पर्स मांडीवर धरून बसून राहिली. "खरंच एकही नाही?"

"एकही नाही."

"पण केवढे खूश दिसत होते."

"होता ना खूश. तू जा, त्यांना विचार, ह्याने घेतलेलं घर कुठल्या रस्त्यावर आहे. आपण बाहेरून बघून येऊ म्हणावं."

डेनीस गेली आणि लगेच परतली. "म्हणे, असले प्रश्न विचारणारे कधी श्रीमंत होत नाहीत." तिने कोट उचलला. "बरं झालं, मी झोपते घरी जाऊन."

तक्रार करायची असं व्हर्नाने त्याच दिवशी ठरवलं, पण केली नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या मागोमाग ती जवळच्या कँटन शहरात गेली, मग क्लीव्हलंडला. मागच्या रांगेत बसायची, लेलंड हसला की उठून यायची.

"ते भूत उतरव आता मानगुटीवरून," तिची बहीण मार्जरी चिडली.

"मानगुटीवर कुठे बसतंय गं? मलाच त्याच्याकडे जावं लागतं."

एकदा शेजारच्या खुर्चीतला थकलेला माणूस पडद्याकडे बोट करून म्हणाला, "हा बघा, अगदी माझ्यासारखा. ह्याला जमलं, मग मला का नाही?" व्हर्ना त्याला खरं सांगायला वळली. पण पडद्यावर लेलंड अजून बोलत होता, आणि तिला तो ऐकायचा होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत तो माणूस पैसे भरायच्या टेबलाशी पोचला होता.

दुसऱ्या दिवशी ती ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कचेरीत गेली. तिथल्या बाईंनी विचारलं, "पैसे परत हवेत?"

"त्याला तिथून उतरवा," व्हर्ना म्हणाली.

पानगळ संपता संपता कंपनीने लेलंडची चित्रफीत काढून टाकली. पैशांचं काही झालं नाही. खात्री करायला ती एकदा जाऊन बसली. लेलंडच्या जागी पिवळ्या स्वेटरमधली कोणी बाई होती. तीही मालक झाली होती. तीही हसली, आणि हॉलने टाळ्या वाजवल्या.

व्हर्ना बाहेर गाडीत येऊन बसली. डोळे मिटून तिने लेलंडला आठवलं. शर्ट दिसला, उघडलेलं तोंड दिसलं. हसण्याचा आवाज काही केल्या येईना. हॉटेलच्या दारातून माणसं बाहेर पडत होती, काखेत जाडजूड फायली, गाल लाल झालेले. ती काच खाली करून, कोणी तसं हसतंय का, म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.