खोच्या जागी शेवंता

काल रंगारी सोसायटीच्या कुंपणाला चुना लावत होते. त्या वासाने मी थेट पनवेलच्या शाळेच्या मैदानावर पोचले, दहावीतल्या शेवटच्या खो-खोच्या सामन्यात. फक्कीच्या रेघा धावून धावून पुसट झाल्या होत्या. एकच मुलगी बाद करायची उरली होती. समोर बसलेल्या शेवंताच्या पाठीवर मी थाप मारली आणि ‘खो’ म्हणायच्या ऐवजी ओरडले, “शेवंता!”

ती तशीच उठून धावली. शिट्टी वाजली, फाऊल. तेवढ्यात वेळ संपली आणि आम्ही हरलो.

मी रडत होते. शेवंता मात्र हसत होती. “माजं नाव कशाला घेतलंस गं?”

परीक्षेनंतर लग्न होऊन ती गेली, ती पुन्हा कधी भेटलीच नाही. तो फाऊल मला कितीतरी वर्षं छळायचा. आता वाटतं, नुसत्या नावावर उठली होती ती.

काल कुंपणापाशी मी हळूच म्हटलं, “शेवंता.” कुणीच उठलं नाही.